पाऊस, 800 शब्द

मे महिन्यातली दुपारी अडीचची वेळ. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर पंखा पाचवर, खिडकीला ओला पंचा, आणि मी लिहितेय, 'घाटमाथ्यावर पोचलो आणि अंगावर शिरशिरी आली.' एवढ्यात घामाने चष्मा नाकावरून घसरला, कीबोर्डवर आपटला आणि शिरशिरीपुढे सात उद्गारचिन्हं उमटली. मी ती तशीच ठेवली. तेवढाच गारवा.

तोच सासूबाई गच्चीवरून खाली आल्या. वर गव्हाच्या चिकाच्या कुरडया वाळत होत्या.

"अगं, जरा कावळ्यांकडे लक्ष ठेवतेस का? नाहीतरी घरीच आहेस."

"आई, मी पावसात आहे."

"पावसाचं नाव काढू नकोस बाई! पापड व्हायचेत अजून."

मग मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले आणि एका हाताने कावळे हाकलत नाणेघाटातला उलटा धबधबा लिहून काढला. पावसाळ्यात तिथे दरीतून असा वारा उसळतो की खाली पडणारं पाणी वर उडतं. लेख बरा उतरला, पण फोटोतली माझी छत्री 6 वर्षांपूर्वीची होती.

मी मुक्त लेखिका. खेळ, प्रवास, सिनेमा, संस्कृती अशी चार खाती सांभाळते. मुख्यमंत्र्यांकडे असतात तशी, फक्त बंगला नाही. मुक्त म्हणजे काय, ते शेजारच्या काकूंना विचारा. अख्ख्या मजल्याची पार्सलं माझ्या हॉलमध्ये उतरतात. पण ते एक वेळ चालतं. माझं खरं दुखणं कॅलेंडरचं आहे. पुरवणीची पानं आधी लागतात, म्हणून पाऊस मेमध्ये लिहायचा. दिवाळी अंक जुलैत. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी लेखकाची दिवाळी भर पावसात, छत गळतंय तिथे बादली लावून होत आलेली असणार. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेवरचा लेख थंडीतच पाठवायचा. त्यात नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली लिहिल्या की निम्मं काम होतं. यात्रा निघते तेव्हा मी तलावपाळीवर उभी राहून माझ्या लेखाप्रमाणे सगळं चाललंय ना, एवढं तपासते.

सिनेमाचं तेवढं वेळच्या वेळी. शुक्रवारी सकाळी नऊचा खेळ, प्रेक्षक चार: मी, एक झोपलेले गृहस्थ आणि पडद्याकडे पाठ फिरवलेलं एक जोडपं. दुपारी परीक्षणात 'प्रेक्षकांचा संमिश्र प्रतिसाद' लिहिते. खोटं कुठे आहे त्यात?

लेख आगाऊ जातो आणि मानधन मागाहून येतं. मागाहून म्हणजे किती, ते हिशेब विभागालाच ठाऊक. नाणेघाटाच्या लेखाचं बिल पाठवलं तर उलट टपाली एक फॉर्म आला. पॅन, रद्द केलेला चेक, पुरवठादार क्रमांक आणि खाली एक रकाना: 'पुरवलेल्या मालाचे वर्णन'. मी 'लेख' लिहिलं. फॉर्म परत आला. वर्णन सविस्तर हवं. मग लिहिलं, 'पाऊस, 800 शब्द'. तो मंजूर झाला! दर महिन्याला फोन केला की पलीकडचा मुलगा आदबीने सांगायचा, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." नाणेघाटात तोंडाशी दगडी रांजण आहे. कल्याण बंदरातून जुन्नरकडे माल जायचा, तेव्हा सातवाहनांच्या काळात जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी रोख, जागच्या जागी. त्या मुलाला मी हे एकदा ऐकवलं. तो म्हणाला, "त्यांचं जीएसटी नव्हतं ना मॅडम."

या सगळ्यावर कळस चढला 2 नोव्हेंबर 2025 ला. महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, ठाण्याहून सरळ लोकल. पण पत्रकार कक्षात जायचं तर कुठलं दैनिक ते सांगावं लागतं, आणि मी सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. तेव्हा घरचाच टीव्ही. संपादकांचा निरोप आला होता: मॅच संपल्यावर दहा मिनिटांत लेख हवा. पानं थांबणार नाहीत. तेव्हा दोन लेख तयार ठेवा, जिंकल्याचा एक आणि हरल्याचा एक.

पावसामुळे खेळ पाच वाजता सुरू झाला (खराखुरा पाऊस, नोव्हेंबरात, मी न लिहिता). तेवढ्या वेळात दोन्ही लेख झाले. आणि कुणाला सांगू नका, हरल्याचा जास्त चांगला झाला होता. विजयाला विशेषणं पुरतात, पराभवाला वाक्यं लागतात. भारताच्या 298 धावा झाल्या. पाठलाग करताना दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट खेळतच राहिली आणि तिचं शतक झालं तसा माझा दुसरा लेख तेज धरू लागला. त्यातल्या एका उपमेसाठी तरी, असं काहीतरी अभद्र माझ्या मनात येऊन गेलं. तोच दीप्ती शर्माच्या चेंडूवर वोल्वार्टने उंच फटका मारला. अमनज्योत कौरच्या हातात चेंडू आला, उडाला, पुन्हा उडाला आणि अखेर तिने तो धरला. मी सोफ्यावर उभी राहून ओरडत होते. माझी उपमा गेली याचं भान सकाळी आलं.

52 धावांनी जिंकलो. मध्यरात्री फटाके वाजत असताना जिंकल्याचा लेख पाठवला. घाईत शीर्षक मात्र हरल्याच्या लेखाचंच गेलं: 'पुन्हा एकदा, अगदी दारात'. संपादकांचा फोन आला, "ताई, दारात काय?" म्हटलं, "रांगोळी." त्यांनी शीर्षक बदललं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मेमधल्या कुरडया तळायला काढल्या. कढईत टाकली की दुप्पट फुलायची, पांढरीशुभ्र. मी झारा धरून उभी असताना ओट्यावरचा मोबाइल वाजला. दहा टक्के टीडीएस कापून 1,350 रुपये जमा.

"पगार झाला वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. पावसाचा."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गॅस बारीक केला.