‘कर्तन’वरून ‘कॉटन’? सूत जुळत नाही

दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मी रोडला पाय ठेवायला जागा उरत नाही, त्याच सुमारास आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तो वरच्या मजल्यावरच्या काकांनी सकाळी साडेसहाला टाकला. म्हणणं असं: कापडाचे इंग्रजी शब्द झाडून सगळे संस्कृतातून उचललेत. ‘कर्तन’चं कॉटन, ‘तक्षण’चं टेक्स्टाइल, ‘सूत’चा सूट, मछलीपट्टणचं मसलिन. आणि खाली ठळक अक्षरांत, ‘आपल्या वस्त्रभाषेत मात्र एकही शब्द परका नाही.’

आधी कॉटन. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि तिथे अरबीतून. अरबीत कापसाला ‘कुत्न’ म्हणतात. स्पॅनिश लोक कापसाला ‘अल्गोदोन’ म्हणतात, त्यात तर अरबीचा ‘अल’ अजून चिकटलेला दिसतो. ‘कर्तन’ कुठे गेलं म्हणाल, तर ते घरातच आहे. आपलं ‘कातणं’ त्याच घराण्यातलं. बाहेर गेला तो ‘कार्पास’: ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’, लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’, आणि बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात राजवाड्याच्या पडद्यांचं वर्णन आहे, तिथेही ‘कर्पास’. म्हणजे मिरवायला खरा शब्द हाताशी असताना मेसेजवाल्याने खोटा निवडला. (हा ‘कार्पास’ संस्कृतातही आर्येतर भाषेतून आला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. पण हे ग्रुपवर लिहिलं असतं तर मला काढून टाकलं असतं.)

सूटचा सुताशी काही संबंध नाही. मागोमाग जाणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून तो आला. एकमेकांसोबत येणाऱ्या कपड्यांचा जोड, एवढंच.

टेक्स्टाइलचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. लॅटिन ‘तेक्सेरे’ म्हणजे विणणं. संस्कृत ‘तक्ष्’ म्हणजे तासणं, घडवणं. दोन्ही एकाच पणजोबांकडून आलेले, पण चुलत भाऊ. एक दुसऱ्याचा बाप नव्हे. तिकडचा भाऊ मागावर बसला, इकडच्याने लाकूड तासायची वाकस हातात घेतली. संस्कृतात ‘तक्षा’ म्हणजे लाकूडकाम करणारा. आणि गंमत पुढेच आहे. मराठीने या कारागिराला नाव दिलं ते सुताचं! ‘सुतार’ हा ‘सूत्रधारा’वरून आला, रेघ आखायला दोरी धरणारा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात आजही ‘चार सूत’ म्हटलं की अर्धा इंच समजतात. म्हणजे लाकूड मोजायचं सुताने. असल्या नात्यापुढे ‘सूतचा सूट’ फारच बाळबोध वाटतं.

‘तंत्र’ तर मेसेजवाल्याच्या नजरेतून साफ सुटलंय. ‘तन्’ म्हणजे ताणणं. त्यावरून तंतू, ताणा आणि तंत्र. मागावर ताणलेले उभे धागे किंवा खुद्द माग, हा ‘तंत्र’चा जुना अर्थ. हिंजवडीला रोज बस पकडणारी तंत्रज्ञ मंडळी तशी मागावरचीच म्हणायची.

मसलिनचं, म्हणजे मलमलीचं, नाव बहुतेक कोशकार इराकमधल्या मोसूलशी जोडतात. इटालियन ‘मुस्सोलिना’त ते उघड दिसतं. मछलीपट्टणचा तर्क अधूनमधून मांडला जातो, पण मधले दुवे सापडत नाहीत. तलम मलमल विणायची ढाक्याकडच्यांनी आणि नाव लागलं मोसूलचं. व्यापारात असं चालायचंच.

आता शेवटचं ठळक वाक्य. रेशीम, शाल, चादर, रुमाल, अस्तर, मखमल, किनखाब हे सगळे आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले. पैठणीची जर म्हणजे फारसीत सोनं. नाव पैठणचं, पण घडी उलगडली की रेशीमही फारसी आणि जरही. म्हणून पैठणी कमी मराठी होते का? धोटा, फणी, खळ, पेळू, चाती हे माग-चरख्यावरचे शब्द त्यांच्याच शेजारी सुखाने नांदतात.

मात्र शब्द परका म्हणजे वस्तू परकी, हेही खरं नव्हे. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६मध्ये नेवाशाला उत्खनन केलं. तिथे तांब्याच्या मण्यांच्या माळेत जो दोरा मिळाला त्यात कापूस होता आणि रेशीमही. सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा दोरा. आपल्याच पुणे जिल्ह्यात, घोडनदीकाठच्या चांडोलीला तशाच मण्यांत जवसाचा दोरा निघाला, म्हणजे आजच्या भाषेत लिनन. जवस आता आपण फक्त चटणीपुरता ओळखतो. त्याच्या झाडाच्या धाग्याला मराठीत रोजच्या वापरातला शब्दच उरलेला नाही. चोरीची ओरड करण्यापेक्षा या हरवलेल्या शब्दाची हळहळ वाटायला हवी होती.

आणि खरोखर इथून गेलेले शब्द? कालिकतवरून कॅलिको हे सुती कापड, छींटवरून छापील चिंट्झ, बांधणीच्या कुळातला बंडाना रुमाल, आणि डंगरी. हे डंगरी म्हणजे ‘डोंगरी’ नावाचं जाडंभरडं कापड. मुंबईतल्या डोंगरीशी त्याचं नातं सांगतात. मेसेजमध्ये यातला एकही नाही.

हे सगळं मी काकांना जिन्यात सांगितलं. डोंगरीपाशी त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, “म्हणजे जीन्स आपलीच की रे!”

नाही हो काका. डेनिम फ्रान्समधल्या नीमचं आणि जीन्स इटलीतल्या जिनोआची.