एलईडीच्या उजेडावर सोलर प्लेट, अन त्यावर मोटर? नाही होत भाऊ

सध्या गावागावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरून राहिला. सोलर प्लेटीसमोर एलईडी लावा, प्लेटीच्या करंटवर तोच एलईडी जळत राहते अन उरलेल्या करंटवर रात्री ३ एचपीची मोटर चालते, असा दावा. रात्रीच्या लाइनीत हरभरा ओलणाऱ्या माणसाला आशा लागणारच, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"मीटरवर १६ व्होल्ट दिसते". दिसते ना, ते खोटं नाही. प्लेटीला काहीच जोडलं नसलं की कमी उजेडातही व्होल्टेज बऱ्यापैकी चढते. पण करंट उजेडाच्या हिशोबानं येते, अन भर उन्हात लाखभर लक्स उजेड असते, घरातल्या लाइटखाली ३००-५०० लक्स. म्हणून त्या प्लेटीला साधा डीसी पंखा जोडून पाहा, व्होल्टेज धपकन बसते. व्हिडिओत लोड जोडलेला कुठंच नाही, सगळा खेळ तिथंच हाय.

"उरलेली वीज मोटरला". उरते कुठं? १०० वॉट दिले तर चांगला एलईडी ४० वॉटच्या आसपास उजेड देते, बाकीची उष्णता, हात लावा मागच्या पत्र्याला, चटका बसते. तो सगळाच्या सगळा उजेड प्लेटीवर पडला असं धरलं तरी त्याचा पाव हिस्सा वीज होईल, म्हणजे १० वॉट. ३ एचपी म्हणजे सव्वादोन किलोवॉट, तेवढ्यासाठी एलईडीत बावीस किलोवॉट टाकावे लागतील, मग मोटर सरळ लाइनीलेच काहून नाही जोडायची?

आरसे अन भिंग लावूनही उजेड एका जागी गोळा होते, वाढत नाही.

"कंपन्या हे लपवतात". काही लपलेलं नाही, उजेडातून करंट काढणं उघड वापरात हाय. बऱ्याच मोबाइल चार्जरमध्ये ऑप्टोकपलर असते, एका चिपमध्ये एलईडी अन उजेड ओळखणारा भाग, तारेनं न जोडता सिग्नल पलीकडे जाते. हाय व्होल्टेज लाइनीवरच्या सेन्सरले फायबरमधून लेझरनं वीज देतात, कारण तिथं तांब्याची तार नेणं धोक्याचं. २०२१ मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं लेझरच्या रंगाला जुळवून बनवलेल्या सोलर सेलवर ६८.९ टक्के उजेडाची वीज करून दाखवली, म्हणजे एवढं करूनही पडलेल्या उजेडातला तिसरा हिस्सा गेलाच.

असं किट कोणी विकायला आलं तर मोटर जोडून दाखव म्हणा, बाकीच्या सगळ्या तारा काढून. अन पैसे लावायचेच असतील तर मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत १० टक्के हिस्सा भरा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याले ५ टक्के, अन दिवसा उन्हावर ओलित करा.