स्टेज तीन, नऊ वर्षं आणि माझं एक ढिसाळ वाक्य

ताई, गेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "कॅन्सर लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड्सपर्यंत) पसरला की जगण्याची शक्यता घटते, असं लिहून तुम्ही मोकळे झालात. माझ्या आईचा गुदाशयाचा कॅन्सर स्टेज तीनचा होता. ऑपरेशनला नऊ वर्षं झाली, ती रोज देवळात चालत जाते. शेजारचे काका स्टेज दोनचे, दोन वर्षांत गेले. मग तुमच्या आकड्यांना अर्थ काय?"

राग रास्त आहे. स्टेज तीनच्या सगळ्यांना मी एकाच दावणीला बांधलं, ही चूकच.

ही वर्गवारी मुळात कथबर्ट ड्यूक्स या पॅथॉलॉजिस्टची (म्हणजे काढलेल्या गाठी तपासणाऱ्या डॉक्टरची), लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधली, १९३२ सालची. आतड्याच्या भिंतीत असेल तो ए, भिंत ओलांडून चरबीत गेला तो बी, लसिकाग्रंथींत पोचला तो सी. आजच्या स्टेज एक, दोन, तीनही बऱ्याचशा त्याच वळणावर आहेत. पण कॅन्सर काही पायऱ्या मोजत चढत नाही. गाठ भिंतीतच आहे, पण एखाद-दुसऱ्या ग्रंथीत पेशी सापडल्या, की झाली स्टेज तीन. गाठ भिंत फोडून शेजारच्या अवयवात घुसली आणि ग्रंथी स्वच्छ निघाल्या, तर ती स्टेज दोन! मोठ्या नोंदींमध्ये यातले पहिले पेशंट दुसऱ्यांपेक्षा जास्त जगलेले दिसतात. रिपोर्ट न बघता आईंबद्दल किंवा काकांबद्दल बोलणं बरं नव्हे, पण असं घडण्यात नवल नाही.

मीही पॅथॉलॉजिस्टच. आता माझ्या टेबलावरची गोष्ट. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही त्याला बाहेरून शाई लावतो आणि काकडीच्या चकत्यांसारखे आडवे काप करतो. गाठीपासून शाईपर्यंत किती अंतर उरलं, ते मोजायचं. १९८६ साली लीड्समध्ये फिल क्वर्क आणि सहकाऱ्यांनी ५२ पेशंटचे नमुने असे तपासले. १४ जणांत कॅन्सर बाजूच्या कडेपर्यंत, म्हणजे शाईपर्यंत, पोचलेला होता, आणि त्यातल्या १२ जणांना ओटीपोटात तो पुन्हा उद्भवला. तोवर सगळं लक्ष वरच्या आणि खालच्या कापलेल्या टोकांकडे असायचं. दगा मात्र बाजूने होत होता. आज कॅन्सर या कडेपासून १ मिलिमीटरच्या आत आला तरी आम्ही ती कड बाधित धरतो.

चरबीतलं अंतरही असंच. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या २००१ सालच्या अभ्यासात भिंतीबाहेर ५ मिलिमीटरपर्यंत पसरलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक पाच वर्षांत कॅन्सरने दगावले नव्हते. त्यापुढे पसरलेल्यांत हे प्रमाण ५४ टक्क्यांवर आलं. रिपोर्टमधलं 'टी३' (गाठ भिंत ओलांडून चरबीत गेली) हे लेबल दोघांनाही एकच.

आणि "ग्रंथी निगेटिव्ह" वाचलं की लगेच निश्वास सोडू नका. किती तपासल्या ते बघा. निदान १२ तरी तपासाव्यात असा संकेत आहे. पाचच सापडल्या असतील तर निगेटिव्हला तेवढं वजन नाही. (आधी रेडिएशन दिलं असेल तर त्या कमी सापडतात. कधीकधी आम्हीच नीट शोधत नाही, हेही कबूल करतो.)

मात्र आकड्यांना अर्थच नाही, हे मला मान्य नाही. ऑपरेशननंतर केमो द्यायची की नाही, हे त्यांच्याच आधारावर ठरतं. ते शंभर माणसांबद्दल बोलतात, त्यातल्या कुणा एकीबद्दल नाही, इतकंच.

लेखातलं ते वाक्य बदललंय. 'बाजूची कड किती मिलिमीटर' हा प्रश्नही त्यात घातलाय, कारण रिपोर्ट हातात आल्यावर तो फारसं कुणी विचारत नाही.