‘कधी शॉप फ्लोअरवर पाय ठेवलाय का?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कारखान्याची दारं बाहेरच्यांना उघडली तर आतली माणसंच शिकतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: ‘पाहुणे येणार म्हटलं की आदल्या रात्री रंग मारतात, कामगार पढवलेलं बोलतात. यात कंपनी काय डोंबल शिकणार? लेखकाने कधी शॉप फ्लोअरवर पाय ठेवलाय का?’ शिवाय कामाचा खोळंबा, गुपितं फुटणं आणि सुरक्षितता.

‘डोंबल’ मी सोडून देतो. (सोडलेलं नाही, हे कळलं असेलच.) पण शॉप फ्लोअरवर, म्हणजे यंत्रं चालतात त्या जागेवर, पाय ठेवलाय का? अहो, वडील गिरणीत बदली कामगार होते आणि माझी उमेदीची वर्षं मरोळ एमआयडीसीत पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसच्या धडधडीत गेली. हात कितीही घासले तरी डब्यातल्या पोळीला ऑइलचा वास यायचा. असली विचारणा करण्याआधी माणसाने जरा चौकशी करावी.

रंग मारतात, हे मान्य. आमच्याकडचे पिवळे पट्टे तर ओलेच असायचे, पाहुण्यांच्या बुटांना लागायचे. पण पढवून पढवून किती पढवणार? एकदा आयटीआयची मुलं आली. साहेबांचं ठरलेलं भाषण चालू असताना एका मुलीने डायकडे, म्हणजे प्रेसच्या साच्याकडे, बघत प्रेसवाल्याला विचारलं, “काका, डायखाली ही पत्र्याची पट्टी कशाला?”

“पॅकिंग आहे. पहिल्यापासून असते.”

“मग ड्रॉइंगमध्ये का नाही?”

झालं! फोरमन आला, साचे सांभाळणारा टूलरूमवाला आला. सेकंड शिफ्टवाले वेगळ्याच जाडीची पट्टी घालतात, हे तेव्हा उघड झालं. दोन शिफ्टच्या मालात फरक येतो म्हणून क्वालिटीवाल्यांशी आमची रोज खडाजंगी चालायची, आणि पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर! विचारायचं कुणाला सुचलंच नाही, कारण ‘पहिल्यापासून’ होती. मुलं वडापाव खाऊन गेली, शिकलो आम्ही. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात नेमकं हेच आहे. तुम्ही बहुधा दुसऱ्यातच चिडलात.

गुपितांचं म्हणाल, तर १९८४ साली टोयोटाने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला चक्क जनरल मोटर्सच्या भागीदारीत कारखाना सुरू केला. प्रतिस्पर्ध्याची माणसं आतच कामाला. तरी टोयोटाची कामाची पद्धत आपल्या बाकीच्या कारखान्यांत रुजवताना जनरल मोटर्सची वर्षानुवर्षं दमछाक झाली. नुसतं बघून कुणी काही पळवत नाही.

खोळंबा? २००३ साली प्रिन्स चार्ल्स डबेवाल्यांना भेटायला चर्चगेटला आले, तेव्हा भेट डबेवाल्यांच्या सोयीच्या वेळी ठेवली होती. वेळ यजमानाने ठरवायची असते, बस्स. सुरक्षिततेसाठी हेल्मेट, बूट आणि सोबत एक माहीतगार माणूस. यावर वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.

आणि हो, पुढच्या वेळी खाली नाव लिहा. ‘एक अनुभवी’ला अहो-जाहो करताना अवघडल्यासारखं होतं.