कार्बन ब्रश आणि आमचं बंद स्टेशन

आज डोकं फिरलंय. महिन्याभरापूर्वी गाडीचा बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणून एका गॅरेजला दाखवली, तर त्यांनी काहीही चेक न करता नवी बॅटरी गळ्यात मारली, आणि आज सकाळी तोच दिवा परत पेटला. आता म्हणे अख्खा अल्टरनेटरच (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो भाग) बदला. दुरुस्त नाही का होणार विचारलं तर म्हणतात, "आता कोण उघडत बसतंय!"

गाडी कशीबशी दुसरीकडे नेली. तिथल्या वयस्कर मेकॅनिकनी इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला, १२.१ व्होल्ट. चालू गाडीत १४ च्या आसपास पाहिजे. अल्टरनेटर खोलला तर कार्बन ब्रश, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजून नखाएवढे उरलेले, त्या भागावरच्या कड्यांना (स्लिप रिंगला) टेकतच नव्हते, मग चार्जिंग होणार कुठून? बाकी बेअरिंग, वायंडिंग सगळं धडधाकट. "ब्रश आणून बसवतो, दोन-तीन तास द्या" म्हणाले.

तेवढ्या वेळात चालत जुन्या स्टेशनवर गेलो. लाइन बंद होऊन जमाना झाला, रूळसुद्धा उचलून नेलेत, पण प्लॅटफॉर्मची दगडी कड अजून जागची हललेली नाही. तिथंच लहानपणी आजोबांचा हात धरून गाडीत चढताना माझी एक चप्पल खाली पडली होती आणि मी भोकाड पसरलं होतं. गार्डकाकांनी झेंडी काखेत मारली, खाली उतरून चप्पल काढून दिली आणि मगच शिट्टी फुंकली.

आज त्याच कडेवर एक जण टेप लावून मापं घेत होता. म्हणाला, इमारत पाडायची आहे, पार्किंग होणार. इतका संताप आला! भिंतींना एक तडा नाही, छपराची लाकडं शाबूत, आणि पाडायची? पॅरिसचं ओर्से म्युझियम मुळात १९०० सालचं स्टेशन आहे, गाड्या लांब झाल्या, प्लॅटफॉर्म पुरेनात म्हणून १९३९ नंतर लांबच्या गाड्या बंद झाल्या, तेही पाडायला निघाले होते, पण लोकांनी वाचवलं आणि १९८६ ला तिथं म्युझियम उघडलं. आपल्याला साधी लायब्ररीसुद्धा करता येऊ नये?

हो, रिकाम्या गाड्या चालवायचा तोटा कोण सोसणार, हे मान्य. लाइन बंद केली त्याबद्दल बोलतच नाहीये मी. पण इमारतीनं काय घोडं मारलंय? कुणीतरी आत जाऊन एकदा नीट बघा तरी, काय झिजलंय आणि काय धड आहे.

नंतर बराच वेळ बाकड्यावर बसलो होतो. राग ओसरला. रुळांच्या जागी गुडघाभर गवत, खाली खडी अजून तशीच आहे. चप्पल नेमकी कुठं पडली होती ते शोधत बसलो, खुळ्यासारखं. आजोबा ओरडले नव्हते त्या दिवशी, गाडीत बसल्यावर त्यांनी माझे पाय आपल्या धोतराला पुसले होते, हे आज इतक्या वर्षांनी आठवलं.

संध्याकाळी गाडी मिळाली. मीटरवर १४.१, दिवा गेला.

त्या स्टेशनचा एकही फोटो माझ्याकडे नाहीये. कुणाच्या घरी जुन्या अल्बममध्ये असेल तर प्लीज कमेंटमध्ये टाका, नुसतं बाकडं दिसत असलं तरी चालेल.