तीन पायऱ्या

सकाळी साडेसहाला कटरच्या आवाजाने जाग आली. खिडकी उघडली तर समोर पांढरी धूळ, आणि धुळीत आमचा रस्ता. चौदा महिन्यांपूर्वी झालेला. ज्याच्यासाठी आम्ही अख्खा उन्हाळा ओल्या गोणपाटांवरून उड्या मारत घरात शिरलो, तो काँक्रीटचा रस्ता आमच्या दारासमोर वड्या पाडाव्यात तसा कापत होते.

मुकादमाला विचारलं. म्हणाला, "पाण्याची लाईन आहे ताई, नगरपालिकेचं काम." मग रस्ता केला तेव्हा का नाही टाकली? "रस्ता बांधकाम खात्याचा ना." हे त्याने इतक्या सहज सांगितलं, जणू एक खातं इथलं आणि दुसरं नेपाळचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावातून जाणारा मुख्य रस्ता राज्यमार्ग आहे. म्हणजे तो राज्याच्या बांधकाम खात्याचा. त्याच्या कडेचं गटार नगरपालिकेचं, खालची पाण्याची लाईनही नगरपालिकेची, वरचे खांब वीज कंपनीचे. गावाबाहेर पडून डावीकडे वळलात की ग्रामीण मार्ग, तो जिल्हा परिषदेचा. आपण चालताना पायाखाली एकच रस्ता असतो. कागदावर त्याचे थर आहेत आणि प्रत्येक थराला वेगळा मालक.

आता आमच्या पायऱ्यांचं. अण्णांनी (माझे सासरे) 1984 साली घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून ओट्यावर यायला तीन पायऱ्या होत्या. दगडी. लग्न होऊन आले तेव्हा त्या तिन्ही चढून मी माप ओलांडलंय. पुढे दर चार-पाच वर्षांनी जुनं डांबर न खरवडता त्यावर नवं ओतत गेले आणि खालची पायरी गडप झाली. आम्ही काही बोललो नाही. एक पायरीच तर गेली. मग गेल्या वर्षी काँक्रीट आलं आणि उरलेल्या दोन एका महिन्यात गेल्या. आज आमचा ओटा रस्त्यापेक्षा चार बोटं खाली आहे. पूर्वी घरात चढायचो, आता उतरतो. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा पाणीही तसंच उतरलं, थेट माजघरापर्यंत. अण्णा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते आणि मी सुपलीने पाणी उपसत होते.

अर्ज केला. बांधकाम खात्याने सांगितलं, पाणी तुंबतं कारण गटार लहान आहे, नगरपालिकेत जा. नगरपालिकेत म्हणाले, गटार आहे तेवढंच आहे, रस्ता उंच झाला, बांधकामला विचारा. दोन्हीकडचे आवक शिक्के माझ्याकडे आहेत, एकाच आठवड्यातले. फ्रेम करून ओट्यावर लावणार होते, पण ओट्यावर ओल आहे.

मान्य, रस्ता चांगला झाला. खड्डे गेले, एसटी आता हाडं न मोडता जाते. आणि हेही कबूल, की आमचाच पत्रा दीड फूट रस्त्याच्या हद्दीत होता. खुणा केल्या तेव्हा निमूट काढला. म्हणून दारातून पाणी आत घ्यायचं का?

इंजिनिअर मित्र लगेच लिहितील, "ताई, समन्वय बैठका होतात." होत असतील. त्या बैठकीत एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं, "साहेब, वर्षभरात आमची पाण्याची लाईन येतेय," तरी काम झालं असतं. पाण्याची योजना काही रातोरात उगवत नाही हो. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, यात वर्षं जातात. म्हणजे काँक्रीट ओतलं जात होतं तेव्हा पाण्याची फाईल कुठल्यातरी कपाटात होतीच. अंतर किती, तर दोन्ही कचेऱ्यांच्या मध्ये एक बसस्टँड आणि एक रसवंती. काँक्रीटखालून ठरावीक अंतरावर आडवे पाईप आधीच टाकून ठेवले असते तर आज कटर लागलाच नसता. यात रॉकेट सायन्स नाही. घर बांधताना गवंडीसुद्धा विचारतो, "वहिनी, नळाचा पाईप कुठून घ्यायचा?" आणि मगच कोबा घालतो.

बरं, एकमेकांशी बोलता येत नाही असंही नाही. 2017 आठवतंय? महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्यानंतर जळगाव, यवतमाळ, लातूर अशा शहरांतल्या रस्त्यांचा महामार्गाचा दर्जा काढून ते स्थानिक संस्थांकडे द्यायची काय घाई झाली होती! तेव्हा राज्य आणि पालिका यांच्यात कागद कसा पळाला? दुकानं वाचवायची होती ना. आमच्या गटारासाठी तोच कागद लंगडतो. लिहिताना हात थरथरतोय, पण लिहिणारच.

मोठ्या शहरातही तेच, फक्त शून्यं जास्त. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये मेट्रोसाठी पाडला, पंधरा वर्षंही झाली नव्हती. पण पुण्याचं पेपरात तरी येतं. आमच्या पायऱ्यांचं कुठे येणार, म्हणून इथे लिहितेय.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितीये? 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे गावाचा विकास आराखडा नगरपालिका करते आणि त्याला मंजुरी राज्य सरकार देतं. रस्ता कुठून, किती रुंद, सगळं त्यात असतं. हरकती-सूचना मागवतात, अण्णा स्वतः हरकत घेऊन गेले होते. म्हणजे राज्याने सही केलेला नकाशा गावात असताना राज्याचंच खातं तो न उलगडता मिक्सर घेऊन येतं. आणि पालिका तरी काय, आपला नकाशा घेऊन आडवी उभी राहिली का? नाही. नारळ फोडायला मात्र सगळे होते. माझं म्हणणं एवढंच, की गावातून जाणाऱ्या रस्त्याचं काम पालिकेने जोत्याच्या उंच्या आणि खालच्या लाईनी तपासून लेखी "हो" म्हटल्याशिवाय सुरूच होऊ नये. आणि "हो" म्हणून नंतर खोदलं, तर त्या सहीवाल्याला आमच्या ओट्यावर आणून बसवा. पावसाळ्यात.

दुपारी जरा शांत झाले. कटर चालवणारा पोरगा पाणी मागायला आला. वीसेक वर्षांचा असेल, पापण्यांवर सिमेंट. तांब्या रिकामा केला, आणि चराच्या कडेला वाकून बघत म्हणाला, "काकू, खाली दगड लागलाय. घडवलेला आहे. पायरी होती का हिथं?"

मी अण्णांना हाक मारली. ते काठी टेकत आले, वाकता येत नाही म्हणून पोराने मोबाईलचा टॉर्च पाडला. खालून पहिली. कडेला अजून टाकीचे घाव दिसत होते. अण्णा काही बोलले नाहीत. पोराला म्हणाले, जेवलास का.

संध्याकाळी चर तसाच उघडा टाकून सगळे गेले. लाईन टाकून झाली की मुरूम भरतील, वर पेव्हर ब्लॉक बसवतील आणि पहिल्या पावसात ते खचतील. पोरगा सांगत होता, दगड उद्या निघेल, नाहीतर फोडावा लागेल. मी सांगितलंय, फोडायचा नाही.

उद्या अकरा वाजता मी दोन्ही कचेऱ्यांत जाणार आहे. एकच अर्ज, दोन प्रती, दोन्ही साहेबांची एकाच कागदावर सही मागणार. ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांनी रसवंतीपाशी या. अण्णाही येतो म्हणतात. चरावर सध्या घरातली फळी टाकलीये, त्यांना तिच्यावरून कसं न्यायचं तेच बघतेय.