हलत्या कॅमेऱ्यातला रंकाळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं : ‘घरगुती फिल्म म्हणजे बारशाला जमलेली मंडळी आणि कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर हात हलवणारी पोरं. बाहेरच्यानं ती का बघावी? जपायचीच तर प्रोजेक्टरनं भिंतीवर लावून मोबाइलवर उतरवावी, झालं.’ पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरा सल्ला मात्र कुणी पाळला, तर रीळच हातचं जाईल.

हात हलवणारं पोर आपल्याला अनोळखीच, पण त्याच्या पाठीमागे बघा. सुपर ८ चं, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या ८ मिलिमीटर रुंद फिल्मचं, ५० फुटी रीळ सेकंदाला १८ चित्रं या वेगानं ३ मिनिटं २० सेकंदांत संपतं. त्यामुळे कॅमेरावाला घरच्यांपुरतंच टिपायचा. महाद्वार रोडवरच्या पाट्या, टांगा, लुगड्याची नेसण, घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागलंय, हे सगळं त्यानं न ठरवता आत येतं. सिनेमाकार बाबूराव पेंटरांच्या या गावानं सिनेमासाठी मांडलेले देखावे पुष्कळ पाहिलेत. कुणीच न मांडलेला रस्ता बघायचा तर अशी रिळंच हवीत. म्हणून ‘वाया गेलेला’ तुकडासुद्धा कापू नका.

आता भिंतीचं. ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची जुनी फिल्म आकसते. मग फिल्मच्या कडेच्या भोकांमधलं अंतर ती पुढे ओढणाऱ्या प्रोजेक्टरच्या नखाशी जुळत नाही, भोकं फाटतात, फिल्म अडकते आणि दिव्याच्या उष्णतेनं तिथंच जळते. आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ते रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा, कारण सुटणारं ॲसिडच झीज आणखी वाढवतं. आपल्या पावसाळी दमट हवेत माळ्यावरच्या बंद डब्यात हे फार लवकर होतं. पुराच्या पाण्यात भिजलेलं रीळ तर उन्हात मुळीच वाळवू नका, वेढे एकमेकांना चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात बुडवूनच ते तातडीनं प्रयोगशाळेत पोचवायचं.

मोबाइलचा आणि प्रोजेक्टरचा वेग जुळत नसल्यानं चित्र लुकलुकतं. फिल्म स्कॅनर मात्र एकेक चित्र सुटं टिपतो, ५० फुटांत ३,६००. स्कॅनिंगला देताना मूळ वेग सांगा. सेकंदाला १६ चित्रांची जुनी फिल्म २५ नं चालवली, की माणसं दीडपट वेगानं पळतात. रीळ सुपर ८ चं की जुन्या ८ मिलिमीटरचं, हे भोकावरून कळतं : सुपर ८ चं लहान आणि चित्राच्या मध्याशी, जुन्याचं मोठं आणि दोन चित्रांच्या सीमेवर.

बहुतेक रिळांना आवाज नसतो. स्कॅन झाल्यावर घरातल्या थोरल्यांना दाखवा, ते बोलतील तेव्हा रेकॉर्डर सुरू ठेवा, आणि कितव्या सेकंदाला कोण, कुठली गल्ली, हे लगेच लिहून घ्या.